टोपीआड

गुप्त मतदानाची ती पहिलीच निवडणूक. लॉर्ड ऑल्डरशॉंचा मुलगा उभा होता. त्यांचं कूळ असलेला म्हातारा टर्विल मतपत्रिकेवर फुली मारून आला आणि त्यानं सवयीनं ती मतदान केंद्राच्या दारात उभ्या लॉर्डसाहेबांसमोर उघडून धरली. “बघा, सरकार!” साहेबांनी झटकन उंच टोपी डोळ्यांवर ओढली. “घडी घाल, गाढवा! पेटीत टाक!” “पण आमचे बापजादे दाखवूनच मत देत आले.” “आणि आवडलं नाही की माझे बापजादे त्यांना शेतावरून हाकलत आले. घाल घडी!” संध्याकाळी निकाल लागला. मुलगा सपशेल आपटला. लालबुंद कारभारी धावत आला. “कुळं उलटली, सरकार! कुणाकुणाला हाकलू?” “कोण उलटलं? नावं सांग.” “तेच तर कळत नाही! आता कळायला मार्गच नाही!” साहेबांची टोपी आभाळात उडाली. “जिंकलो! अरे, त्यासाठीच तर पार्लमेंटात उभा जन्म घसा फोडला मी!”