'आई' या शब्दाची बोली

मनात शब्द आला की डोळ्यांपुढे आधी त्याची जाहिरात यायची, ते दिवस. इचलकरंजीच्या प्रमिलाताई दाभाडेंनी आयुष्यात पहिल्यांदाच जाहिरात दिली. बोली लावून शब्द घेतला 'आई', तोही एकाच व्यक्तीसाठी. सहा वर्षांपूर्वी भांडून गेलेल्या लेकीसाठी, ऋजुतासाठी.

"मजकूर काय टाकू?" एजंट शिरीननं विचारलं.

"माझं चुकलं. एकदा बोल."

महिन्यानं त्या पुन्हा आल्या. शिरीन म्हणाली, "काकू, एक पैसाही लागला नाही. तिनं उघडली तरच पैसे कापतात."

"दिसलीच नसेल तिला."

"दोनशे अकरा वेळा दिसली. मग तुमच्यापेक्षा मोठी बोली लावून तिनंच तो शब्द घेतला."

प्रमिलाताईंनी विचारलं, "आता 'आई' मनात आलं की काय दिसतं तिला?"

"काहीच नाही, काकू. जागा रिकामी ठेवलीय."