पुजलेल्या गाडीतला रेडिओ

"वाजला का न्हाई रं अजून?" कृष्णातने तिसऱ्यांदा विचारलं.

टॅक्सीच्या डॅशबोर्डखाली डोकं खुपसून बसलेल्या धुळाने आणखी एकदा तार हलवून पाहिली. लष्करात पंधरा वर्षं वायरलेस सांभाळून आलेला गडी, पण मित्राच्या गाडीतल्या या रेडिओने त्याच्या नाकी नऊ आणले होते. नुसती खरखर, नाहीतर तीही नाही.

गाडी सांगलीच्या रेडिओ केंद्रासमोर उभी होती आणि आत कृष्णातची बायको राहीबाई जात्यावरच्या ओव्या म्हणायला बसली होती. दसऱ्याचा कार्यक्रम, तोही थेट. सकाळच्या तालमीत तिचा गळा असा दाटून आला की शब्द फुटेना. "तुमी भाईर ऐकत बसा," ती कृष्णातला म्हणाली होती. "तुमी ऐकताय म्हनून तरी त्वांड उघडंल माजं." त्याने हो म्हटलं होतं, आणि आता पाचच मिनिटं उरली होती.

"तार रंगावर टेकलीया," धुळा डोकं बाहेर काढत म्हणाला. "उघडं लोखंड घावल्याबिगर अर्थिंग व्हायचं न्हाई. सकाळीच म्हनलो हुतो, बोल्टाखाली जरा खरवडतो."

म्हणाला होता खरा. पण काल खंडेनवमीला पुजलेल्या, झेंडूची माळ घातलेल्या गाडीला आज कानस लावायची? कृष्णात अंगावरच धावून गेला होता. नवा निळा रंग तो तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. दसरा होऊ दे, मग काय ते बघू, असं त्याने ठणकावलं होतं. आता त्याला स्वतःचाच राग आला.

त्याने पेटीतून कानस काढली, गाडीला हात जोडले आणि बोल्टाभोवतीचा रंग खराखरा घासून काढला. पांढरं लोखंड दिसलं. धुळाने त्यावर तार टेकवली मात्र, रेडिओ खणखणीत बोलू लागला.

निवेदकाने राहीबाईचं नाव घेतलं. मग शांतता. कृष्णातचा जीव टांगणीला लागला. तार निसटली की काय म्हणून त्याने अंगठ्याने ती लोखंडावर दाबून धरली.

आणि राहीबाईचा आवाज आला. पहिल्या शब्दाला कापरा, दुसऱ्या ओळीला सावरलेला, आणि पुढे घरी जात्यावर असतो तसा मोकळा. कृष्णातला हायसं वाटलं. इतकं, की डोळे कधी भरले ते त्याला कळलंच नाही.

धुळाने पाना खाली ठेवला. "सोड की अंगठा, गड्या. नट कवाच आवळलाय म्या."

"असू दे रं," कृष्णात म्हणाला. "तिचं गानं हुईस्तवर असू दे."