पळपुट्याची नात

"तुम्ही खोटारडे आहात! माझा आजा पळाला, हे बघायला बोटीवर होतात?"

बुडालेल्या बोटींच्या प्रदर्शनात कुबलांची आनंदी कडाडली. पाटीवर लिहिलं होतं, 'खलाशी पळाले, म्हणून आगबोट बुडाली.' या डागापायी नारळी पौर्णिमेचा मानाचा नारळ कुबलांच्या हाती कधी आला नव्हता. आनंदीला मात्र लहानपणापासून कोडं पडलं होतं, आजा पळाला, तर घरी का नाही आला?

"काकू, जुन्या कागदांत तसंच आहे," प्रदर्शनाचे साहेब हसले.

"कागद घाला चुलीत." ती बुडालेली बोट शोधणाऱ्या, शेजारी उभ्या पाणबुड्याकडे वळली. "बाबा, तू खाली उतरलास. आजा कोळसा ओढायचा, ती भट्टीची खोली बघितलीस?"

"बघितली. आत हाडं आहेत, काकू." पाणबुड्यानं मान खाली घातली. "दाराला बाहेरून कडी आहे."

आनंदीनं साहेबांचा रस्ता अडवला. "बोला आता, कडी कुणी घातली?"