नऊ दिवस कमी

“काका, तुम्हाला नाही जाता येणार,” विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली. “काकूंचं ठीक आहे.”

हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण शेजारीपाजारी अजून त्यांना हेडक्लार्कच म्हणत, आणि त्यांना ते आवडे.

“माझ्या पासपोर्टची मुदत संपलीय का?”

“नाही. पण तिथे उतरल्या दिवसापासून पुढे सहा महिने तो चालू असावा लागतो. तुमचा पाच महिने एकवीस दिवस आहे. नऊ दिवस कमी पडतात.”

“आम्ही पंधरा दिवसांत परत येतोय. हे बघा परतीचं तिकीट.” त्यांनी फाइल उघडली. तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन प्रती होत्या आणि प्रत्येकीला रंगीत चिठ्ठी. “नऊ दिवसांसाठी माणूस अडवता?”

“मी नाही अडवत, काका. तिथले लोक तुम्हाला पुढच्या विमानात बसवून परत पाठवतील.”

चौतीस वर्षं लोकांना नियम दाखवून परत पाठवलेल्या माणसाला आज कुणीतरी नियम दाखवत होतं. त्यांच्या मानेवरची शीर तट्ट फुगली. त्यांची बायको ट्रॉलीला टेकून उभी होती.

तिचा पासपोर्ट अजून सहा वर्षं चालणार होता, तोही हेडक्लार्कांच्याच कृपेनं. बायकोच्या हातात कागद टिकत नाही म्हणून तिचा पासपोर्ट ते स्वतःच्या खिशात ठेवत. एकदा तो खिशासकट वॉशिंग मशीनमध्ये गेला. लगदा झाला. नवा काढावा लागला. बोलणी तिनं खाल्ली. तिकिटाचा फॉर्मही तिनंच भरला होता, कारण टायपिंग हे टायपिस्टचं काम. ते आरामखुर्चीतून सांगत गेले, ती मोबाइलवर एका बोटानं भरत गेली. प्रवासाची तारीख तेवढी तिनं सुचवली, त्या दिवशी तिकीट स्वस्त आहे म्हणून.

पलीकडे, विमानानं सात तासांवर, त्यांची लेक भाड्याच्या एका खोलीत महिनाभर एकटी राहत होती. नवऱ्यानं हात उचलला होता. दुसऱ्यांदा. ती नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडली होती. फाइलच्या शेवटी, निळ्या चिठ्ठीखाली, हेडक्लार्कांनी तिच्यासाठी समेटाचा मसुदा ठेवला होता. आठ कलमं. पहिलं कलम, मुलीनं ताबडतोब नवऱ्याकडे परत जावं. हात उचलण्याचा विषय सहाव्या कलमात होता, “उभय पक्षांनी संयम राखावा” असा. जावयानं आपली सही करून पाठवलीसुद्धा होती.

“चल घरी,” हेडक्लार्क बायकोला म्हणाले. “पासपोर्ट नवा करू, महिन्या-दीड महिन्यानं जाऊ. तोवर ती काही पळून जात नाही.”

ती हलली नाही.

“चल म्हणतोय ना.”

“मी जाते.”

“कुठे?”

“लेकीकडे.”

“एकटी? तुला साधी रिक्षा ठरवता येत नाही.”

“येते. तुम्ही कधी ठरवू दिली नाहीत.”

मागच्या रांगेतल्या एका बाईनं खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. काउंटरवरची मुलगी स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसली.

हेडक्लार्कांनी आवाज खाली आणला. चार लोक बघत असले की ते समजूतदार होत. “बरं, जा. निदान काम तरी करून ये. निळी चिठ्ठी. सातव्या पानावर तिची सही घे, खाली साक्षीदार म्हणून तुझी. तुझं ऐकते ती.”

“ऐकते. म्हणूनच हे नेत नाही.”

तिनं फाइलमधून आपला पासपोर्ट काढला, आपलं तिकीट काढलं, आणि फाइल मिटून दोन्ही हातांनी त्यांना परत दिली. “बॅगेत जागा नाही.”

बॅग मर्यादेपेक्षा चार किलो कमी भरली होती. काट्यावरचा आकडा दोघांनाही दिसत होता.

“हे बघ, एकदा तू त्या दारातून आत गेलीस, तर...”

पुढचं कलम त्यांना सापडेना. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. अशी वेळच कधी आली नव्हती, त्यामुळे त्यासाठी मसुदा तयार नव्हता.

“तर पंधरा दिवसांनी बोलू,” ती म्हणाली. “परत येताना तिला घेऊन येईन. तिची खोली मोकळी करून ठेवा, तुमची जुनी रद्दी आहे तिथे. रक्तदाबाची गोळी जेवणानंतर, आधी नाही. फ्रिजमध्ये चार दिवसांचं करून ठेवलंय.”

मग फाइल छातीशी धरून ते दरवाजाकडे निघाले. त्यांच्या शर्टाची कॉलर मागून दुमडली होती. कॉलर सरळ करायला तिचा हात उचलला गेला, पण ते तोवर लांब गेले होते. तिनं तो हात खाली घेतला आणि बोर्डिंग पाससाठी पुढे केला.

काउंटरवरच्या मुलीनं बोर्डिंग पास दिला. तिचा चेहरा उतरला होता. “सॉरी, काकू. नऊ दिवस आधी निघाला असतात ना, तर काका बसले असते नियमात.”

“माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “म्हणून तर पोरीला म्हटलं, अजून दहा दिवस कळ काढ, मी एकटीच येते.”