मांडीवरचं बाळ

"दे गं जरा इकडे. हात अवघडले असतील तुझे," तुआइनेआत्या म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

"भूक लागलीय त्याला," म्हणत इनानं बाळाला कापडाआड घेतलं. बाळाचं नुकतंच पिऊन झालं होतं. ते बापडं तोंड फिरवून झोपून गेलं.

चहूकडे लगूनचं, प्रवाळाच्या रांगेनं वेढलेलं पाणी. नवरा तेरेई बोट घेऊन मासे धरायला गेलेला, तो येईपर्यंत या छोट्या बेटावरून पाऊल बाहेर टाकायची सोय नव्हती. संध्याकाळच्या विमानानं ऑकलंडला परतायचं, आणि नेमकी आजच आत्यानं ही सहल काढली होती. तिथंच इनाला संशय आला होता.

आत्याला मूलबाळ नव्हतं. आणि आइतुताकीवर, तेरेईच्या मूळ बेटावर, वडीलधाऱ्या नातलगानं वाढवायला मूल मागितलं, तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं ती पोरं वाटत फिरते. तेरेई स्वतः असाच आत्याकडे वाढला होता. ती मागेल आणि हा मान खाली घालून देईल, हे इना ओळखून होती. म्हणून सकाळीच तिनं त्याला बायबलावर हात ठेवायला लावला होता.

"आत्या बाळ मागणार नाही, आणि मी देणार नाही," तो म्हणाला होता. "झालं समाधान?"

झालं नव्हतं. इना डोळ्यांत तेल घालून बसली.

"आई, बाळाला शिंपला दाखवू?" थोरली मारेता ओल्या हातांनी धावत आली. सात वर्षांची होती.

"नको. झोपलंय ते. आत्याआजीकडे जा."

"मग माझी वेणी घाल ना."

"हात मोकळे आहेत का माझे? जा म्हटलं ना!"

पोरगी गेली. आत्यानं तिची वेणी घातली, डोक्यावर फुलांचा मुकुट चढवला, नारळाच्या दुधातल्या मासळीचे घास भरवले.

"ही तारोचे कंद खाते का गं?" आत्यानं विचारलं.

"समोर येईल ते खाते."

"अंधाराला घाबरते?"

"मारेता? भुतंच हिला घाबरतील." इना हसली. म्हातारीचं लक्ष बाळावरून उडालेलं बघून तिला जरा बरं वाटलं.

तेरेई परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यानं मासे आत्याच्या पायाशी ठेवले आणि तिच्यापुढं उकिडवा बसला. दोघं हळू आवाजात बोलत होती. आत्यानं त्याचा चेहरा ओंजळीत धरला. मग ती उठली आणि इनाकडे यायला लागली.

आता मागणार! इनानं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

आत्यानं वाकून बाळाच्या कपाळाचा मुका घेतला. "जा बाई आता. विमान चुकेल. मी मागून दिराच्या बोटीनं घरी जाईन."

बस, एवढंच. इना जवळजवळ पळतच बोटीत चढली, पुढच्या फळीवर समुद्राकडे तोंड करून बसली आणि बाळाच्या डोक्यावर कापड धरलं. मागं सामान आपटल्याचा, पाण्यात छोट्या पावलांच्या छपछपीचा आवाज आला. इंजिन सुरू झालं.

बेट मागं पडायला लागलं तसे तिनं हात सैल सोडले. सुंठीवाचून खोकला गेला होता. तिला हसू आलं, आणि दिवसभर पोरीवर खेकसल्याचं फार वाईटही वाटलं.

"मारेता, ये, घे बाळाला," म्हणत ती वळली.

तेरेई सुकाणू धरून खाली बघत बसला होता. त्याच्याशेजारी कोणी नव्हतं. किनाऱ्यावर आत्याचा हात धरून मारेता उभी होती, आणि पाहुण्यांना निरोप देतात तसा दुसरा हात हलवत होती.