शंभर पावलं

माझ्या नवऱ्याने, डेन्झिलने, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेवाटेवर, शोधाशोधीच्या खेळातला 'लेटरबॉक्स' लपवला होता. दगडाखाली डबा, डब्यात त्याने हाताने कोरलेला कोल्ह्याचा रबरी शिक्का. ज्याला सापडेल त्याने तो आपल्या वहीत उमटवून आणायचा. खूण एवढीच दिलेली: पुलापासून कुंपणाच्या कडेने शंभर पावलं, मग खडकाखाली. गावातल्या सगळ्यांनी मोजून पाहिलं, पण कुणालाच तो सापडला नाही आणि पबमध्ये डेन्झिलची मान ताठच राहिली. "तुझं काम नाही ते, वेन्ना," तो मला म्हणाला. "तू आपली सायकल फिरव." मग मी सायकलच काढली. पुलाशी ती आडवी टाकली आणि तिथून मुद्दाम लंगडत, आखूड पावलं टाकत निघाले. डबा लपवला त्या वसंतात त्याचा घोटा मुरगळलेला होता आणि त्याला शेक मीच देत होते. लोकांनी तुडवलेलं गवत बरंच पुढे असतानाच माझी शंभर पावलं संपली. शेजारच्या खडकाखाली हात घातला, तर बोटांना डबाच लागला. संध्याकाळी भरल्या पबमध्ये मी त्याच्या ग्लासशेजारी वही उघडून ठेवली. त्याचा कोल्ह्याचा शिक्का पाहून सगळ्यांनी टेबलं बडवली. डेन्झिल माझ्या कानाशी वाकला. "उद्या मला दाखवशील? कित्येक वर्षं मलाच तो सापडत नाहीये." "दाखवीन की," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पण लंगडत यावं लागेल."