कोंबडीची पाहणी

निवृत्त झाल्यापासून लेव्हिसन मास्तर मलावीतल्या खेड्यांसाठी झटणाऱ्या एका छोट्या संस्थेचं काम बिनपगारी करायचे. दिलेली कोंबडी जी बाई वर्षभर सांभाळेल तिलाच शेळी द्यायची, हा नियम त्यांचाच. एनेलेस आजीकडे ते आधी निरोप धाडून पहिल्यांदाच पाहणीला आले, तर खुराडं रिकामं.

"विकलीस ना आजी?"

"नाही हो मास्तर."

"मग काय, उडून गेली? तुझ्यासाठी मी सगळ्यांशी भांडलो! एक कोंबडी राखता येत नाही, अन् शेळी पाहिजे!"

मास्तरांनी आजीच्या देखत यादीतलं तिचं नाव खोडलं. तिनं चटई अंथरली, त्यांच्या हातांवर पाणी घातलं आणि वाफाळत्या न्सिमाचं, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं ताट पुढं ठेवलं.

"शेळीचं राहू द्या. उन्हातून सायकल मारत आलात, आधी जेवा."

मग तिनं रश्श्याच्या भांड्यावरचं झाकण काढून तंगडी त्यांच्या ताटात वाढली. मास्तरांची मान खाली गेली.



"अंडी देणारी होती, जरा चिवट लागेल," आजी ओशाळून म्हणाली, "गोड मानून घ्या."